भिंतीवरचं सिमेंट

आमच्या इतिहास मंडळाला संग्रहालयासाठी एक जुना वाडा मिळाला तेव्हा मांडायच्या वस्तूंची यादी तयार होती: मोडी कागद, पगड्या, कलमदानं, पितळी भांडी. वाडा म्हणजे त्या ठेवायची जागा, एवढंच बहुतेकांच्या मनात होतं.

११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात वाड्याच्या मागच्या भिंतीला भेग पडली होती. पुढे कुणीतरी ती सिमेंटने बुजवली आणि सगळी भिंत कमरेइतकी सिमेंटने लिंपून टाकली. हेतू चांगलाच असणार. पण जुनी विटा-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली. विटांना लोणा लागला, आणि लगतच्या सागवानी खांबाचा बुंधा तळखड्यावरच कुजला.

गवंडीकाका म्हणाले, “आधी हे सोलायचं, बाकी मग.” छिन्नी हलकी चालवावी लागे, जोर केला की सिमेंटाबरोबर वीटच निघून यायची. सुतारांनी तुळईला टेकू देऊन खांबाचा कुजका भाग तेवढा कापला आणि तिथे नवं सागवान खाचेत बसवलं. वरचं लाकूड इतकं कणखर होतं, की नख रुतत नव्हतं.

कळीचा चुना हौदात विरवून मुरत ठेवला. नंतर वाळू आणि विटांची भुकटी घालून घाणीत मळला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्यामुळे थर पातळ द्यायचे आणि ओले राखायचे. देणगीदार उद्घाटनाची तारीख विचारत होते. आम्ही ते पावसाळ्यानंतर ढकललं, आणि ते योग्यच झालं.

खरा वाद झाला तो स्वयंपाकघरातल्या काजळीवरून. ती खरवडून भिंत पांढरी करावी, म्हणजे छायाचित्रं उठून दिसतील, असं काहींचं म्हणणं. मी कडाडून विरोध केला. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले, ते जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून मिळालेल्या कागदांवर. त्या कागदांना आपण जपतो. मग ते ज्या घरांत राहिले, त्या घरांच्या भिंती का पुसायच्या? काजळी राहिली. मागच्या भिंतीचा एक पट्टाही गिलावा न करता ठेवला, म्हणजे बांधणी दिसेल.

माडीचं काम बाकी आहे. त्यासाठी जुनं सागवान हवं. कुणाचा वाडा उतरवायचा ठरला तर लाकूड वखारीत जाण्याआधी मंडळाला कळवा, असं आम्ही सध्या घरोघर सांगत फिरतोय.