वेगळी पळी

1992 च्या श्रावणातील ती संध्याकाळ. परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरी येथे आमच्या बँकेच्या शाखेत बदली होऊन मला दोन महिने झाले होते. कुटुंब परभणीस, मी एकटाच बोरीत. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असल्याने एका लहानशा हॉटेलात कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य करून जेवणाची सोय लावली होती. सहाच्या सुमारास जाऊन जेवायचे आणि परत येऊन दिवसाचा हिशेब जुळवायचा, असा क्रम होता.

त्या दिवशी पान वाढले गेले होते. मी घास उचलणार, तोच आचारी हात पुसत आतून धावत आला. "सायेब, थांबा. पोरानं कांद्याच्या भाजीतली पळी तुमच्या पातेल्यात घातली. मला आत्ता दिसलं."

मी पानावरून उठलो. "पैसे मात्र पूर्ण घेता ना?" असे चार लोकांसमोर बोललो आणि निघून आलो. बाहेर अजून उजेड होता, पण दुसरीकडे कुठे जेवणार? उपवास घडला, उपवासाने मनाला जी शांतता लाभते, ती मात्र नव्हती. पुढचे चार दिवस केळी, दूध आणि फुटाण्यांवर काढले.

पाचव्या दिवशी आमच्या रोखपालाने दिवसअखेर रोख मोजली, तर पन्नास रुपये जास्त निघाले. तो स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रक्कम कोणाची ते कळण्याचा मार्ग नव्हता; त्याने खिशात घातली असती तरी कोणाला पत्ता लागला नसता. मी ती रीतसर जमा करून घेतली, सर्वांदेखत त्याची पाठ थोपटली आणि हात तिथेच थांबला. आचाऱ्याने याहून वेगळे काय केले होते?

संध्याकाळी हॉटेलात गेलो. त्याने काही बोलून दाखवले नाही. एवढेच म्हणाला, "उद्या चारला या सायेब, आत बसा. म्हणजे तुमच्या मनात शंका राहणार नाही."

शंका फिटलीच, पण मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. 'कांदा घालू नका' हे सांगणे किती सोपे आणि करणे किती अवघड, हे मला तोवर कळलेच नव्हते. हॉटेलच्या रश्शात कांदा केवळ चवीसाठी नसतो. रश्शाला दाटपणा तोच देतो, गोडवा तोच देतो, आणि गिऱ्हाईक वाढले तर थोडे पाणी सामावून घेण्याची ताकदही त्याचीच. तो काढला की रस्सा ताटात धावतो. म्हणून आचारी दुधी उकडून घोटायचा, टोमॅटो कडेने तेल सुटेपर्यंत परतायचा, वर भाजलेले तीळ, सुके खोबरे आणि शेंगदाण्याचे कूट. काजू त्याला परवडण्याजोगे नव्हते. आल्याऐवजी सुंठ. हिंग घालताना भांडे आचेवरून किंचित उचलायचा. तेल फार तापले तर हिंग जळून कडू होतो, आणि मग लसणाची उणीव भरून निघण्याऐवजी सारी भाजीच हातची जाते. बटाट्याच्या जागी कच्चे केळे, तेही सालासकट उकडायचे आणि जरा टणक असतानाच उतरवायचे. अधिक शिजले की चिकट होते.

पण खरी मेख तेलात होती. भज्यांच्या कढईत कांदा उतरलेला असतो आणि पापडही त्याच तेलात तळला जातो. इतक्या वर्षांत मी भाजीची चौकशी केली होती, पापडाची कधीच नाही! तो मात्र माझा पापड निखाऱ्यावर भाजून देत आला होता, न सांगता. कामाचा क्रमही त्याने स्वतःच ठरवला होता: धुतलेली विळी, धुतलेला तवा, आधी माझे पातेले, ते झाकून फळीवर ठेवले की मगच कांद्याच्या टोपलीला हात. चूक झाली ती वाढणाऱ्या पोराच्या हातून, गर्दीच्या वेळी. त्यानंतर माझ्या पळीच्या दांड्याला लाल चिंधी बांधली गेली.

एम. कॉम.ला मी परिव्ययाचा हिशेब शिकलो होतो. त्या दिवशी भटारखान्यातील बाकड्यावर बसून माझ्या एका ताटाचा हिशेब केला, तर वेगळे पातेले, वेगळे इंधन आणि तासाभराची मेहनत धरता त्या ताटात त्याला तोटाच होता. मी महिन्याचे पैसे वाढवून देऊ केले. त्याने आढेवेढे न घेता घेतले. "हिशेबात बसतं सायेब," म्हणाला. मला ते आवडले.

आता मोठ्या शहरांत भोजनपत्रिकेवर 'जैन' हा शब्द छापलेलाच असतो. जैन पावभाजीतही कच्चे केळे बटाट्याची जागा घेते. तरीही मी विचारतो, "पापड कोणत्या तेलात तळता?" बहुतेक वेळा वाढपी दोन पावले आत जाऊन लगेच परततो आणि "वेगळ्या" म्हणतो. मागच्या दिवाळीत पुण्यात एक मुलगा गेला तो बराच वेळ आलाच नाही. परत आला तेव्हा जरा ओशाळला होता. "काका, तेल तेच आहे. भाजून आणू का?"

मी दोन पापड मागवले.