पाहुणे कलाकार

दुसऱ्याच्या गेममध्ये येऊन चार उड्या मारून जाणारे जुने, विसरलेले हीरो. त्यातल्या एकाने मला माझाच एक थकलेला हिशेब आठवून दिला...

मराठी सिनेमाच्या टायटल्समध्ये एक पाटी यायची, आठवतेय? ‘पाहुणे कलाकार’. लहानपणी मला त्या पाटीचं जाम कुतूहल होतं. हीरोचं नाव मोठ्या अक्षरात, ते ठीक. पण हे पाहुणे कोण? एका सीनमध्ये येणार, टाळी घेणार आणि गायब! आईला विचारलं, तर म्हणाली, ‘‘अरे, ते ओळखीखातर येतात.’’

गेममध्येही पाहुणे कलाकार असतात, हे मला कळलं २०११ साली. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, कर्वेनगरची एक रूम, दोन कॉट, एक टेबल आणि रूम पार्टनरचा असेम्बल केलेला पीसी. त्या पीसीवर एक दिवस ‘सुपर मीट बॉय’ आला. कुठून आला ते विचारू नका. रूमवर सगळं पेनड्राइव्हवरूनच यायचं.

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मीट बॉय म्हणजे कातडी नसलेला एक लाल चौकोनी मुलगा. त्याच्या मैत्रिणीला, बँडेज गर्लला, डॉक्टर फीटस नावाचा व्हिलन पळवून नेतो आणि हा तिच्या मागे. वाटेत गरगरणाऱ्या करवती, खिळे, आग. एकेक लेव्हल काही सेकंदांची, पण ते काही सेकंद जमायला अर्धा तास लागायचा. मेलात, की क्षणात पुन्हा सुरुवातीला. आणि सगळ्यात भारी म्हणजे लेव्हल पार झाली, की तुमचे सगळे प्रयत्न एकाच वेळी स्क्रीनवर धावतात. पन्नास मीट बॉय एकदम निघतात, एकोणपन्नास वाटेत मरतात, एक पोचतो. आम्ही दोघं ते बघून वेड्यासारखे हसायचो.

एका रात्री एका वॉर्प झोनमध्ये शिरलो आणि समोर मीट बॉयच्या जागी भलताच कुणीतरी उभा. चौकोनी तोंड, खाली दोन पाय. मी ओरडलोच, ‘‘अरे, हा ओग्मो!’’

रूम पार्टनर म्हणाला, ‘‘कोण ओग्मो?’’

सांगलीला आमच्या घराजवळ एक नेटकॅफे होता, तासाला पंधरा रुपये. सातवी-आठवीत असताना तिथल्या कोपऱ्यातल्या मशीनवर कुणीतरी ‘जंपर’ नावाचा गेम टाकून ठेवला होता. २००४ सालचा, गेम मेकरवर बनवलेला, फुकटचा. ओग्मो त्याचा हीरो. त्याची खासियत एकच, हवेत असताना दुसरी उडी. त्या दुसऱ्या उडीपायी मी किती पंधरा रुपये उडवले याचा हिशेब बाबांना आजही माहीत नाही. पुढे नेटकॅफे बंद झाला, तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान आलं. जगात माझ्याशिवाय कुणी ओग्मोला ओळखत असेल, असं मला वाटलं नव्हतं. आणि तो इथे! आपलं नाव आणि आपली ती दुसरी उडी घेऊन, दुसऱ्याच्या गेममध्ये!

मग आम्हाला नादच लागला. एकेक पाहुणा मिळवायचा आणि तो मूळचा कुठला ते शोधून काढायचं. कमांडर व्हिडिओ ‘बिट ट्रिप’ मालिकेतला. तो उडी मारून हवेत किंचित तरंगतो. जिल २००८ सालच्या ‘मायटी जिल ऑफ’मधली. कॅप्टन व्हिरिडियन टेरी कॅव्हानाच्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’मधला. (सहा व्ही, मोजून घ्या!) हा गडी मूळ गेममध्ये उडीच मारत नाही, गुरुत्वाकर्षण उलटं करून थेट छताला जाऊन उभा राहतो. उड्यांच्या गेममध्ये उडी न मारणारा पाहुणा! आणि तरी त्याला बोलावलं होतं.

यातली मेख रूम पार्टनरने आधी ओळखली. त्याला असल्या गोष्टी माझ्याआधी कळायच्या. म्हणाला, ‘‘बघ, नुसतं चित्र नाही आणलेलं. प्रत्येकाची उडी आणलीय. म्हणजे लेव्हल बनवणाऱ्याने याच्यासाठी जागा केली असणार.’’ खरंच होतं. जिथे मीट बॉयला भिंतीला घासत जावं लागतं, तिथे ओग्मो दुसऱ्या उडीत वरून निघून जातो. पाहुणा आला, की घरातली बैठक थोडी बदलतेच ना, तसं.

आणि हे घर काही बंगला नव्हतं. टीम मीट म्हणजे दोन माणसं, एडमंड मॅकमिलन आणि टॉमी रेफेनेस. मीट बॉय आधी २००८ मध्ये फ्लॅश गेम म्हणून आला होता. ‘सुपर’ लागून तो ऑक्टोबर २०१० मध्ये एक्सबॉक्सवर आणि नोव्हेंबरमध्ये पीसीवर आला. तोपर्यंत दोघांची काय वाट लागली होती, ते ‘इंडी गेम: द मूव्ही’ या २०१२ च्या माहितीपटात दिसतं. मोठ्या कंपन्यांसारखं जाहिरातीचं बजेट यांच्याकडे कुठलं? पण ओळखी होत्या. आपल्यासारखेच घरी बसून गेम बनवणारे लोक. तुझा हीरो माझ्याकडे पाठव, माझे खेळणारे तुझा गेम शोधतील. आई म्हणायची तसं, ओळखीखातर. त्या यादीत तेव्हा नवीनच असलेला माइनक्राफ्टचा गडीही होता. २०१४ मध्ये त्याची कंपनी मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरला घेतली. पाहुणा यजमानापेक्षा कितीतरी मोठा झाला!

सगळ्यात कठीण पाहुणा म्हणजे ‘द किड’, २००७ च्या ‘आय वॉना बी द गाय’मधला. त्या मूळ गेममध्ये झाडाचं फळ खाली पडायच्या ऐवजी वर पडतं आणि तुम्हाला मारतं. यावरून काय ते समजा. गंमत म्हणजे तो गेमही दुसऱ्यांच्या पात्रांनी खच्चून भरलेला. मोठमोठ्या कंपन्यांच्या जुन्या गेममधले व्हिलन तिथे येऊन भिडतात. पण तो मामला वेगळा. फुकटचा, गंमत म्हणून केलेला गेम, त्यात सगळे बिनबोभाट उचलून आणलेले. ‘मीट बॉय’मध्ये मात्र किड आला तो रीतसर बोलावणं होऊन.

बोलावून आणलेला आणि उचलून आणलेला. तेव्हा हा फरक मला गमतीचा वाटला होता.

तिसऱ्या वर्षी आम्हीही गेम करायला घेतला. फ्लॅशमध्ये. हीरो होता एक छत्री. काळी, लांब दांड्याची, एक काडी मोडलेली. पुण्याच्या पावसात बसस्टॉपवर विसरलेली छत्री स्वतःच उड्या मारत घरी निघते, एवढीच स्टोरी. बटण दाबून धरलं, की छत्री उघडायची आणि हळूहळू खाली यायची. वारा आला, की उलटी व्हायची. कल्पना त्याची. चित्रं त्याची. उडीचा कोडही त्याचा. ती उडी नीट ‘लागावी’ म्हणून तो तीन आठवडे आकडे बदलत बसला होता. मी पाच ते अकरा लेव्हल बनवल्या आणि आवाज शोधून आणले. सुरुवातीच्या स्क्रीनवर नावं टाकायची राहिली होती. ‘‘शेवटी टाकू रे,’’ असं दोघंही म्हणायचो.

२०१३ चा पावसाळा. कॅम्पस. आम्ही दोघं एकाच कंपनीच्या इंटरव्ह्यूला. माझा नंबर सकाळी. माझं ऍप्टिट्यूड बरं झालं होतं, पण टेक्निकलमध्ये गाडी अडकली. समोरच्या सरांनी बायोडेटा खाली ठेवायला घेतला आणि मी म्हणालो, ‘‘सर, मी एक गेम बनवलाय, दाखवू?’’ लॅपटॉप उघडला. छत्री उडाली. तिघंही हसले, पुढे वाकले. एकाने विचारलं, ‘‘उडीचं लॉजिक कुणी लिहिलं?’’

मी म्हणालो, ‘‘मी, सर.’’

बस. एवढंच. दोन अक्षरं.

त्याचा नंबर दुपारी चारला होता. त्याच्याही बायोडेटावर तेच प्रोजेक्ट. आत काय झालं ते मला नंतर वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून कळलं. ‘‘ये गेम तो हमने सुबह देख लिया,’’ असं कुणीतरी म्हणालं. त्याने तिथे काहीच वाद घातला नाही. रूमवर आल्यावरही नाही. माझं सिलेक्शन झालं, त्याचं नाही. मी पार्टी दिली. तो आला, जेवला, ‘‘अभिनंदन भावा,’’ म्हणाला. त्यानंतर छत्रीची फाइल त्याने कधी उघडली नाही. २०१४ च्या मेमध्ये रूम सोडली. तो नाशिकला वडिलांच्या प्रिंटिंगच्या धंद्यात गेला. सुरुवातीला वाढदिवसाचे मेसेज, मग तेही बंद.

खोटं कशाला बोलू, पुढे बरीच वर्षं मला याचं फार वाईट वाटलं, असं नाही. नोकरी, हिंजवडीचा ट्रॅफिक, लग्न, ईएमआय. आपण सगळे ज्यात असतो त्यात होतो.

मग ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट बंद झाला आणि १२ जानेवारीपासून प्लेअरने काही चालवायलाच नकार दिला. वर्क फ्रॉम होमचे दिवस. जुन्या हार्डडिस्कवर आमची फाइल सापडली. उघडली, तर नुसती पांढरी खिडकी. रफल नावाचा एक एम्युलेटर मिळाला, त्यात टाकली आणि छत्री उघडली! मोडकी काडी, बसस्टॉप, पाऊस, सगळं जागच्या जागी. फक्त पहिल्या स्क्रीनवर नावं नव्हती. बराच वेळ बघत बसलो. मग लॅपटॉप मिटला आणि साडेअकराच्या कॉलला बसलो.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. वय वर्षं अकरा. त्याला ‘सुपर मीट बॉय’ लावून दिला. पोरगं माझ्यापेक्षा सरस निघालं, दोन दिवसांत ओग्मोपर्यंत पोचलं. ‘‘मामा, हा कोण? हा यांच्यातला वाटत नाही.’’

‘‘पाहुणा आहे तो. ‘जंपर’ गेममधला. २००४ चा. मॅडी थॉर्सनने बनवला होता. तीच, जिने पुढे ‘सेलेस्ट’ केला, २०१८ मध्ये. आणि माहितीय, ‘सेलेस्ट’च्या आत त्याचं पहिलं, चार दिवसांत केलेलं छोटं रूपही लपवून ठेवलंय. आणि ‘सेलेस्ट’ची मॅडेलीन तिच्याच जुन्या ‘टॉवरफॉल’मध्ये पाहुणी म्हणून गेलीय.’’

‘‘तुला सगळ्यांची नावं बरी माहितीयत,’’ भाचा म्हणाला आणि पुढच्या करवतीत जाऊन मेला.

मला तिथेच लागलं ते. कॅनडातल्या माणसाने कधीकाळी केलेल्या चौकोनी पात्राचा अख्खा वंशवृक्ष मी एका दमात सांगितला. आणि माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मुलाने केलेल्या छत्रीबद्दल विचारलं, तेव्हा मला दोन अक्षरंच सुचली होती.

त्या रात्री त्याला मेल लिहिली. सहा वेळा खोडली. शेवटी सरळ लिहिलं, की त्या दिवशी मी काय म्हणालो आणि ते खोटं होतं. तू माफ करावंस म्हणून नाही लिहीत, तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं म्हणून लिहितोय. सोबत छत्रीची फाइल जोडली आणि रफल कसं चालवायचं तेही.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं. ‘उडी अजून थोडी जड आहे.’

त्या ओळीचा अर्थ लावत मी ऑफिसला गेलो आणि परत आलो. रात्री दुसरी मेल. दुकान बंद झाल्यावर रोज तासभर तो एक गेम बनवतो. हीरो छत्री नाही, वेगळाच आहे. तीन वर्षं चाललंय. छत्रीला तिसऱ्या लेव्हलमध्ये पाहुणी म्हणून घ्यायचा विचार आहे. आणि शेवटी: ‘नाव कुणाचं टाकू?’

हा प्रश्न साधा नव्हता, हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतं. मी लिहिलं, ‘कल्पना, चित्रं आणि उडी तुझी. पाच ते अकरा लेव्हल माझ्या होत्या, पण त्या तू घेत नाहीयेस. म्हणजे फक्त तुझं.’

‘ओके,’ एवढंच आलं. आम्ही पुन्हा पूर्वीसारखे दोस्त झालो, असं मी म्हणणार नाही. फोन अजून झालेला नाही. पण मागच्या महिन्यात त्याने टेस्ट करायला एक लिंक पाठवली. तिसऱ्या लेव्हलला पाऊस सुरू होतो, बसस्टॉप येतो, आणि कोपऱ्यात ती उभी असते. काडी अजून मोडलेलीच. उडी मात्र हलकी केलीय त्याने.

आतापर्यंत त्या लेव्हलमध्ये चाळीसदा मेलोय. वारा आला, की छत्री मिटायची असते आणि नेमकं तेव्हाच माझं बोट बटणावर राहतं. आज पुन्हा बसणार आहे. लेव्हल पार झाली, की त्याला कळवायचंय, वारा थोडा जास्त आहे म्हणून.