ठिपका उलटा का चाललाय?

2019 च्या जानेवारीत भोसरीच्या ऑफिसात मी भिंतीवर मोठा टीव्ही लावला. माझ्या ट्रान्सपोर्टच्या अकराही गाड्या नकाशावर हिरवे ठिपके होऊन पळू लागल्या. वडिलांच्या काळापासून कामावर असलेले अण्णा चहा पीत बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘छान आहे. यात ड्रायव्हर कुठे दिसतो?’’ मी हसलो आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची वही बंद केली. कुठल्या ड्रायव्हरचा कुठून, किती वाजता फोन आला आणि तो काय म्हणाला, एवढंच त्या वहीत असायचं.

जीपीएसने मला आधी फौजदार केलं. ‘‘कराडच्या धाब्यावर पाऊण तास काय करत होतास?’’ असं मी घरबसल्या विचारायचो. महिन्याभरात ड्रायव्हरांचे फोन कमी झाले. मला वाटलं, कारभार सुधारला.

मार्चमध्ये बंगळूरच्या एका कारखान्याचा सहा लाखांचा नट-बोल्टचा माल निघाला. रात्री फोन वाजला. खंबाटकीच्या चढाला गाडीचा क्राउन गेला होता, गाडी जागेवर बसली होती. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘शेठ, मार्केटची गाडी मिळतेय, माल बदलून निघतो. नंबर पाठवतो.’’ मी ‘हं’ म्हणालो आणि कूस बदलली.

आता इथे काय करायला हवं होतं, ते मला पाठ होतं. 1 एप्रिल 2018 पासून पन्नास हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल लागतं. वाटेत गाडी बदलली की त्याच्या ‘पार्ट बी’मध्ये नवा नंबर भरायचा. दोन मिनिटांचं काम. नोंदवलेल्या मोबाइलवरून एसएमएसनेही होतं. नव्या ट्रान्सपोर्टवाल्यांना मीच हे शिकवायचो, तेही जरा मोठ्या आवाजात. त्या रात्री ठरवलं, दहाला ऑफिसात गेल्यावर भरू.

पावणेदहाला बंगळूरहून फोन आला. त्यांना मी मोठ्या हौसेने लाइव्ह लोकेशनची लिंक दिली होती. ‘‘तुमची गाडी उलटी पुण्याकडे का चाललीय?’’ चाललीच होती. क्रेन तिला शिरवळच्या गॅरेजकडे ओढत नेत होती. माल त्या वेळी कोगनोळीजवळ, जीएसटीच्या पथकासमोर, जीपीएस नसलेल्या गाडीत उभा होता आणि बिलावर नंबर होता ओढत नेलेल्या गाडीचा. जीएसटी आल्यावर करनाके उठले म्हणून आम्ही पेढे वाटले होते. फिरत्या पथकांचा तेव्हा विचार केला नव्हता.

अठरा टक्क्यांनी कर 1,08,000 आणि तेवढाच दंड. पैसे भरून गाडी सुटेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. मार्केटच्या गाडीवाल्याने थांबलेल्या दिवसांचं हाल्टिंग लावलं, ते त्याचं बरोबरच होतं. कारखान्यात दीड दिवसाचाच साठा. लाइन थांबली आणि भाड्याच्या तिप्पट रकमेची डेबिट नोट आली. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

पैसे पुढे भरून निघाले. त्याआधी मी जे केलं, ते अजून सलतं. ड्रायव्हर परतला तेव्हा चार माणसांदेखत त्याला झापलं, ‘‘नीट सांगता येत नाही?’’ त्याने काही न बोलता मोबाइल पुढे केला. माझ्या नंबरला केलेला कॉल, रात्री 12 वाजून 52 मिनिटं, 41 सेकंद. खाली त्याने पाठवलेला गाडीचा नंबरही होता, मी न उघडलेला. मी माफी मागितली, पण केबिनमध्ये बोलावून, एकट्याला. बोलणी मात्र चौघांत खाल्ली होती त्याने. दिवाळीचा हिशेब घेतला आणि तो दुसऱ्या ट्रान्सपोर्टला लागला. सोळा वर्षं होता माझ्याकडे.

टीव्ही अजून भिंतीवर आहे, कामाचाही आहे. अण्णांना मी वही पुन्हा सुरू करायला सांगितलं. पहिली नोंद त्यांनी मागच्या तारखेची केली: ‘खंबाटकी. क्राउन गेला. गाडी बदलणार. शेठ झोपेत.’