शेपटीची कड

करकंबच्या बागायतदाराला द्राक्षाच्या पानावरचा डाग लांबून ओळखू येतो. घरातल्या टाकीत गोल्डफिशची शेपटी झिजू लागली, की मात्र तोच माणूस गोंधळतो आणि आधी औषधाची बाटली शोधतो.

खरं तर आधी जखम न्याहाळायची. कड सरळ फाटलेली, पण स्वच्छ असेल तर मासा टोकदार दगडाला किंवा प्लास्टिकच्या झाडाला घासला असणार. कड पांढुरकी, धाग्याधाग्यांची आणि आत लालसर रेघा असतील तर जिवाणूंनी घर केलंय.

दोन्हीकडे पहिला उपाय पाणीच. गोल्डफिश खादाड, त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो, कल्ले नि पर भाजून निघतात. रोज पाव टाकी पाणी बदलावं. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरीचं क्लोरीन असतं. अँटिक्लोरीनचे थेंब टाकूनच ते वापरावं. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर अमोनिया पचवणारे उपकारक जिवाणू मरतात.

पाण्याच्या जोडीला टाकीत लिटरला एक ग्रॅम खडेमीठ, आधी विरघळवून, हळूहळू घालावं. मीठ वाफेबरोबर उडत नाही, म्हणून जितकं पाणी बदललं तितक्याचंच पुन्हा घालायचं.

पराचं मूळ शाबूत असेल तर पर पुन्हा वाढतो. नवी कड आधी काचेसारखी पारदर्शक दिसते. तिला रोग समजून औषधं ओतू नयेत. लाली अंगापर्यंत पोहोचली किंवा माशाने खाणं सोडलं, तर मात्र घरगुती उपाय थांबवून जाणकार पशुवैद्याला विचारावं.