गोदाकाठचा एक प्रश्न

गेल्या हिवाळ्यात आम्ही विद्यार्थ्यांसह नांदेडास गेलो होतो. २००८ साली गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त सुशोभित झालेला गोदाकाठ पाहून मन प्रसन्न झाले. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी गुरुद्वारा बांधविला, आणि पंजाबातून आलेली कित्येक कुटुंबे येथेच स्थायिक झाली.

बंदाघाटावर एका शीख मुलास आम्ही सहज विचारले, "बाळ, तुझे मूळ गाव कोणते?"

तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "नांदेडच, गुरुजी. आणि तुमचे?"

आमचे वडील पोटासाठी नगर जिल्ह्यातून लातुरास आलेले! आम्ही खजील झालो. मुलांनो, दुसऱ्यास हा प्रश्न विचारण्यापूर्वी आपले स्वतःचे उत्तर आठवून पाहावे.