३५ अंशांच्या पुढे

२१ मे २०२४, मंगळवार. अकोला

दुपारी कॉलेजातून निघालो तर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरचं डिजिटल मीटर अख्खं काळं. ना पेट्रोल दिसे, ना किलोमीटर. सोबत प्रकल्पाचा विद्यार्थी होता. म्हणाला, "सर, जळलं वाटते हे." म्हटलं, थांब जरा. गाडी कडुलिंबाखाली लावली, दोघं रसवंतीवर बसलो. रस पिऊन येईपर्यंत आकडे एकेक करून परत उमटले होते. "मंग हे परत आलं काहून?" हा त्याचा प्रश्न मात्र खरा होता.

त्या पडद्यात दोन काचांच्या मधे द्रवस्फटिकाचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर असतो. वर एक ध्रुवक, खाली त्याला काटकोनात दुसरा. रेणू वरच्या काचेपासून खालच्या काचेपर्यंत हळूहळू ९० अंशांनी वळत गेलेले असतात. प्रकाशाची कंपनदिशाही त्यांच्यासोबत वळते, म्हणून तो दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो. उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की रेणूंची शिस्त मोडते, वळण नाहीसं होतं, प्रकाश अडतो, पाटी काळी पडते. थंड झाल्यावर काचांवरचा घासलेला लेप त्यांना पुन्हा दिशा दाखवतो. जळत काहीच नाही. पदार्थ फक्त एका अवस्थेतून दुसरीत जातो आणि परत येतो.

२३ मे, गुरुवार. अकोला

विद्यार्थ्याला अवस्था समजावायच्या होत्या. पऱ्हाट्यांनी भरलेली बैलगाडी आठव म्हटलं. सगळ्या काड्या साधारण एकाच दिशेला, पण कुणाचं टोक पुढे, कुणाचं मागे. आणि एखादी ओढली तर सरकते. नेमॅटिक अवस्था ती हीच. दिशा आहे, जागेची शिस्त नाही. दिशेसोबत रेणूंचे थरही पडले तर स्मेक्टिक. ही नावं आणि ही विभागणी १९२२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रिडेल यांनी केली. त्याआधीच जर्मनीत हाले इथे डॅनियल फोर्लँडर यांनी शेकडो संयुगं बनवून एक गोष्ट ताडली होती, की रेणू जितका सरळ आणि लांबट, तितकी ही अवस्था पक्की.

पण सरळपणा पुरत नाही. दोन बेंझीन वलयं थेट जोडलेलं नुसतं बायफिनाइल ६९ अंशांच्या आसपास वितळतं आणि सरळ साधा द्रव होतं. मधली अवस्था येतच नाही. त्याच्या एका टोकाला कार्बनची लवचीक शेपटी आणि दुसऱ्या टोकाला सायनो गट लावला की चित्र पालटतं. ताठ गाभा रेणूंना एका दिशेत धरतो. शेपटी त्यांना घट्ट स्फटिकात रचू देत नाही, म्हणून वितळबिंदू खाली उतरतो. सायनो गटामुळे रेणूच्या लांबीच्या दिशेने विद्युत ध्रुवता येते, म्हणून दोन-तीन व्होल्टमध्येही तो विद्युतक्षेत्राच्या दिशेला वळतो. एकाच रेणूत तीन भाग, आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

२५ मे, शनिवार. अकोला

उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लावलं. कामगारांना पाणी नि पंख्याची सोय करायची, शिकवणी वर्गांनी दुपार टाळायची. पारा ४५ च्या पुढे. कूलर लावूनही घरात ३६ अंश.

रात्री जुनी टिपणं काढली. १९७३ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायनोबायफिनाइलं जाहीर केली. त्यांतलं सर्वांत गाजलेलं पेंटिल सायनोबायफिनाइल, म्हणजे पाच कार्बनच्या शेपटीचं. साधारण २३ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत ते नेमॅटिक असतं. पाठ्यपुस्तकात त्याची ओळख खोलीच्या तापमानाला चालणारा द्रवस्फटिक अशी असते. माझ्या खोलीत आज त्याची बाटली ठेवली असती तर दिवसभर साधं तेल दिसलं असतं. हलच्या हवेसाठी ती खरी मजल होती. आमच्या मे महिन्यात त्याच रेणूला काम करता आलं नसतं. रेणू तोच, गुण तोच, पण उपयोग कुठे राहता त्यावर.

२८ मे, मंगळवार. अमरावती

उत्तरपत्रिका तपासायला सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून विद्यापीठात. तपोवनाच्या बाजूला झाडी असल्याने सकाळ तरी बरी जाते.

जेवणाच्या सुट्टीत एका तरुण प्राध्यापकाला सांगत होतो की या विषयाचा एक धागा आपल्याच जुन्या विद्यापीठात आहे. एस. चंद्रशेखर, सी. व्ही. रामन यांचे भाचे, १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. झाले, तेही पहिल्या क्रमांकाने. डी.एस्सी.ही नागपूरचीच, १९५४ ची, काम मात्र बंगळुरूला रामन यांच्या संस्थेत. त्या काळी अमरावती-अकोल्याची कॉलेजंही नागपूरलाच जोडलेली होती. आपलं विद्यापीठ वेगळं झालं १९८३ ला.

चंद्रशेखरांनी १९७१ पासून रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोवर सगळे काडीसारख्या रेणूंच्या मागे होते. १९७७ मध्ये त्यांनी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासोबत दाखवलं की चपट्या चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक होतात. मधे बेंझीनचं एकच वलय, आणि सहाही कोपऱ्यांवर एस्टरची लांब शेपटी. या चकत्या एकावर एक चढून खांब उभारतात. खांब एकमेकांशेजारी नीट रचलेले असतात, पण खांबाच्या आतली रचना द्रवासारखी सैल. शोधनिबंध 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापला. पुढे अशाच चकतीरेणूंची फिल्म संगणकाच्या पडद्यांवर आली. बाजूने बघितलं तरी चित्र नीट दिसावं म्हणून.

तरुण प्राध्यापक म्हणाला, "हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, सर." अभ्यासक्रमात आजही एका ओळीपेक्षा जास्त नाही.

३० मे, गुरुवार. अमरावती

आज बऱ्याच उत्तरपत्रिकांत एकच वाक्य: रेणू लांब असला की द्रवस्फटिक होतो. अर्धे गुण दिले. अर्धे का कापले, ते इथे मांडून ठेवतो.

सायनोबायफिनाइलची शेपटी पाच कार्बनची असेल तर नेमॅटिक अवस्था ३५ अंशांला मोडते. सहावा कार्बन जोडला, रेणू लांबला, तरी ती २९ लाच मोडते. सात केले की ४३ वर चढते. आठ केले की परत थोडी उतरून ४०.५, आणि ३३.५ च्या खाली चक्क थर पडतात, म्हणजे स्मेक्टिक. ही चढउतार सम-विषमाची आहे. शेपटी नागमोडी असते. विषम संख्येत शेवटचा बंध रेणूच्या अक्षाच्या दिशेला येतो, रेणू सरळ राहतो. सम संख्येत तो बाजूला वळतो आणि शेजाऱ्याला धक्का देतो. एका कार्बनने पाच-दहा अंश इकडचे तिकडे होतात. लांबी मोजून भागत नाही. टोक कुठे बघतंय ते पाहावं लागतं.

४ जून, मंगळवार. अकोला

सगळं गाव मतमोजणीत, म्हणून प्रयोगशाळा मोकळी. हिवाळ्यात विद्यार्थ्यांनी कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं कोलेस्टेरिल बेंझोएट केशनळीत भरून तापवलं. १४५ च्या आसपास ते वितळलं, पण गढूळ. तापवत राहिलो, १७८ च्या सुमारास गढूळपणा एकदम गेला. १८८८ साली प्राग इथले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिक रायनिट्झर यांनी हेच पाहिलं: १४५.५ आणि १७८.५, एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू. त्यांनी ते जर्मनीतल्या ओटो लेहमान यांना कळवलं, आणि विषय तिथून सुरू झाला.

निवताना निळसर-जांभळी छटा दिसते. हा रेणू डावा-उजवा भेद असलेला, आपल्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारा. म्हणून शेजारचा प्रत्येक रेणू किंचित वळून बसतो आणि सगळी रचना मळसूत्र होते. मळसूत्राचा एक फेरा किती लांब, त्यावर परतणारा रंग ठरतो. तापमानासोबत फेरा बदलतो, रंगही. कपाळावर चिकटवायच्या तापाच्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

२९ जून, शनिवार. अकोला

पाऊस लागला. खिडकीबाहेर २८ अंश. ग्रे यांचा रेणू आता अकोल्यातही कामाला लागला असता. पण आता दुसरा अडेल. १९६९ साली जर्मनीत हान्स केल्कर यांनी बनवलेला एमबीबीए साधारण ४७ अंशांपर्यंत टिकतो, म्हणजे आमच्या मे महिन्यालाही पुरतो. मात्र त्याच्या दोन वलयांमधला दुवा कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा, आणि ओल लागली की तोच तुटतो. ग्रे यांनी हा दुवाच काढून वलयं थेट जोडली ती यासाठी.

म्हणजे एक उन्हाळ्यात हरतो, दुसरा पावसाळ्यात. प्रत्यक्ष पडद्यात म्हणूनच मिश्रण असतं. ई-७ या जुन्या प्रसिद्ध मिश्रणात पाच नि सात कार्बनांची सायनोबायफिनाइलं आहेत, आठ कार्बनांची ऑक्सिजनजोड शेपटी असलेलं एक आहे, आणि तीन वलयांचं थोडंसं. तीन वलयांचं एकटं १३० अंशांच्या खाली घट्टच असतं, पण मिश्रणात वरची मर्यादा ओढून ६० च्या जवळ नेतं. बाकीचे एकमेकांचा वितळबिंदू उणे १० पर्यंत पाडतात. आजच्या पडद्यांत सायनोऐवजी फ्लोरिनची संयुगं आली, मर्यादा आणखी वर गेली. तरी भर उन्हातल्या काळ्या डब्यात एखादं स्वस्त मिश्रण कमी पडतंच.

यंदाच्या एम.एस्सी. प्रकल्पाला हाच विषय देतो: अकोल्याच्या बसस्थानकावर बारा महिने चालेल अशा फलकासाठी गाभा, दुवा आणि शेपट्या निवडा, आणि प्रत्येक निवडीचं कारण लिहा. सोबत एमबीबीए बनवून भर पावसाळ्यात उघडा ठेवायचा नि वरची मर्यादा दर आठवड्याला किती घसरते ते मोजायचं.

स्टोअरला द्यायची यादी: ॲनिसाल्डिहाइड, ब्युटिलॲनिलीन, शुद्ध अल्कोहोल, सिलिका जेल, दोन पोलरॉइड चकत्या, अर्धा अंश दाखवणारा थर्मामीटर.