सवलतीचे पान

सवलत हा शब्द सरकारी नोकराच्या कानाला जितका गोड लागतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या कानाला लागत असेल. रजा-प्रवास सवलत, सणाची उचल, महागाई भत्ता, त्या भत्त्याची थकबाकी. आमचे आयुष्य मुळी भत्ते आणि सवलती या दोन काठांमधूनच वाहत असते. परंतु नीट पाहिले तर सवलतीतही दोन जाती आहेत. एक हक्काची. तिला नियम असतो, कलम असते, ठरावीक नमुन्याचा अर्ज असतो, आणि ती घेताना मान खाली घालावी लागत नाही. दुसरी बाजारातली. ती विकणारा आपल्या गरजेपोटी देतो. देताना मात्र कधी कधी आव असा आणतो, की जणू आपल्यावर उपकारच चालले आहेत. पहिल्या जातीच्या सवलतीत आम्ही मुरलेले आहोत. दुसरीशी गाठ पडली, म्हणजे आमच्यातला कारकून आणि आमच्यातला माणूस यांचा थोडा झगडा सुरू होतो.

असा एक झगडा मध्यंतरी आमच्या घरी चांगला आठ दिवस चालला. दिल्लीतल्या काही बड्या हॉटेलांनी मिळून एक सप्ताह जाहीर केला होता. सप्ताह म्हटला की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे वीणा, पहारा आणि शेवटच्या दिवशीचा काला उभा राहतो. इथे मात्र सगळा काल्याचाच कार्यक्रम! एरवी ज्या दारावरून जाताना आपण पावले उचलून चालतो, तिथे सात दिवस एका ठरावीक दरात तीन टप्प्यांचे जेवण मिळणार, अशी ती योजना.

ही कल्पना मूळची आपल्याकडची नव्हे. १९९२ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. बाहेरगावचे हजारो पाहुणे शहरात येणार, त्यांना आपल्या स्वयंपाकघरांची ओळख करून द्यावी, म्हणून टिम झॅगट आणि जो बॉम या दोन गृहस्थांनी पुढाकार घेतला आणि तिथल्या उत्तम उपाहारगृहांतून दुपारचे जेवण १९ डॉलर ९२ सेंटला देवविले. दर आणि साल यांचा मेळ घालण्याची ती युक्ती लोकांना इतकी आवडली, की पाहुणे गेले तरी प्रथा राहिली, आणि पुढे ती उन्हाळ्यात व हिवाळ्यात अशी वर्षातून दोनदा पाळली जाऊ लागली. आपल्या देशात मुंबईने २०१० साली हा प्रयोग केला आणि मग तो दिल्लीसारख्या इतर शहरांतही आला.

हॉटेलवाल्याला हे परवडते कसे, असा प्रश्न आमच्या मनात प्रथम आला. कारण आकड्यामागचा आकडा पाहण्याची आम्हांला नोकरीने सवय लावली आहे. उत्तर अवघड नाही. जागेचे भाडे, नोकरांचे पगार, चुलीखालचा जाळ हे सर्व गिऱ्हाईक येवो न येवो चालूच असते. रात्री रिकामी राहिलेली खुर्ची ही सुटून गेलेल्या गाडीतल्या रिकाम्या बर्थसारखी असते. दुसऱ्या दिवशी ती विकता येत नाही. म्हणून असा सप्ताह बहुधा मंदीच्या दिवसांत येतो. शिवाय पदार्थ मोजकेच ठेवले, म्हणजे माल एकगठ्ठा घेता येतो आणि वायाही कमी जातो. पेये दरात धरलेली नसतात, आणि खरी कमाई पुष्कळदा तिथेच असते. राहिलेला भाग आशेचा: आज सवलतीत आलेला मनुष्य उद्या पुऱ्या दराने येईल, ही ती आशा. तेव्हा उपकार कोणी कोणावर करीत नसतो. एकाची खुर्ची भरते, दुसऱ्याचे पोट भरते. हिशेब चोख आहे.

आता मुळात आम्हांला या भानगडीत पडण्याचे कारण काय? कारण होते ते बदलीचा हुकूम. सात वर्षे दिल्लीत काढल्यावर आमची रवानगी विशाखापट्टणमला झाली होती. सामानाच्या याद्या होऊ लागल्या, मुलीच्या शाळेच्या दाखल्याची धावपळ सुरू झाली. अशात एका रात्री पितळेचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता आमच्या सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "अहो, सात वर्षांत या गावात किती पाने वाढली असतील हो मी?"

प्रश्न सहज होता. पण त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे घर म्हणजे काय असते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. वैष्णोदेवीला जाणारे जाताना उतरतात आणि येताना प्रसाद द्यायला पुन्हा उतरतात. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला आलेला कुणाचा तरी भाचा आठ दिवस राहतो. हरिद्वारचे यात्रेकरू, मोठ्या रुग्णालयात दाखवायला आणलेले गावाकडचे आजारी माणूस, 'फक्त संसदभवन पाहून जातो' म्हणणारे सेवानिवृत्त मास्तर; दोन खोल्यांच्या त्या सरकारी क्वार्टरात या सर्वांची पाने पडली. वाढणारे हात दोनच होते. आणि त्या हातांच्या मालकिणीला या सबंध शहरात कोणी बसवून वाढले आहे, असे एकदाही घडले नव्हते. शेजारच्या लग्नकार्यातल्या जेवणावळी झाल्या असतील. पण तिथे ताट हातात घेऊन उभ्याउभ्याच जेवायचे असते.

त्या रात्री आम्ही ठरविले की दिल्ली सोडण्यापूर्वी एकदा या शहरात पाहुणे म्हणून बसायचे. भत्त्याची थकबाकी नुकतीच हाती आली होती. सप्ताहाची जाहिरात समोर होती. उरला प्रश्न एवढाच, की जायचे कुठे?

वसाहतीत ही बातमी फुटायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. वरच्या मजल्यावरचे तमिळ गृहस्थ म्हणाले, "कशाला हे खूळ? आंध्र भवनाच्या उपाहारगृहात जा. तिथे रोजच सप्ताह आहे." बंगाली बाबूंनी मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवरील इंडियन कॉफी हाउसचे नाव घेतले आणि कामगारांनी स्वतः चालविलेल्या सहकारी कॉफीगृहांची ही चळवळ १९५७ पासून कशी उभी राहिली, हे कॉफीशिवायच अर्धा तास समजावून दिले. समोरच्या पंजाबी काकांचे मत जामा मशिदीजवळच्या करीमच्या बाजूने पडले. "१९१३ पासून चूल पेटलेली आहे, बेटा, अशा जागेला सवलतीची जाहिरात लागत नाही." तिघांचेही म्हणणे खरे होते. पण या जागी आम्ही मित्रांबरोबर, नाही तर कचेरीतून येता-जाता जेवलेलो होतो. बाकांवर दाटीने बसून, दुसऱ्याच्या उठण्याची वाट पाहत केलेले ते जेवण रुचकर असते, यात शंका नाही. परंतु या खेपेस आम्हांला रुचीबरोबर आणखी काही हवे होते, आणि ते नेमके काय, हे आम्हांलाही त्या वेळी धड सांगता आले नसते.

अखेर आम्ही कचेरीच्या पद्धतीने एक तुलनात्मक तक्ता मांडला. तीन नावे शिल्लक राहिली होती. एक पंचतारांकित हॉटेलातले काचेचे दालन, दुसरे मेहरौलीच्या बाजूचे कुतुबमिनार दिसणारे बागेतले हॉटेल, आणि तिसरे कॅनॉट प्लेसच्या खांबांच्या वर्तुळातले एक जुने उपाहारगृह.

पहिला रकाना दराचा. पाने तीन आणि दर माणशी १,५०० रुपये. मुलगी नऊ वर्षांची असली तरी पान पुरे. म्हणजे ४,५०० रुपये. परंतु दर हे केवळ मुखपृष्ठ असते. साध्या उपाहारगृहात वस्तू व सेवा कर शेकडा ५ आहे. पण ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाते, तिथल्या जेवणावर तो शेकडा १८ पडतो. एकीकडे बिल ४,७२५ रुपये, दुसरीकडे ५,३१०. जेवण तेच धरले तरी फरक ५८५ रुपयांचा! सेवाशुल्काचीही चौकशी करावी लागली. हे शुल्क बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले होते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी तेच उचलून धरले. हे ठाऊक असले म्हणजे माणूस बिलाकडे निर्भयपणे पाहू शकतो.

दुसरा रकाना आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटला. नेहमीच्या दराने तेच तीन पदार्थ मागविले तर काय पडेल? मांसाहार करणाऱ्याला ठरावीक दरात जो फायदा होतो, तो शाकाहारी माणसाला पुष्कळदा होत नाही. कारण पनीर आणि कोळंबी यांना सप्ताह एकाच तागडीत तोलतो. आमच्या सौ. शाकाहारी. त्यांच्या पानापुरते पाहिले तर बागेतल्या हॉटेलातली सवलत जवळजवळ नाममात्रच निघाली. शिवाय तिथून रात्री परतताना मेट्रो चुकली तर टॅक्सीचे भाडे सवलतीच्या डोक्यावर बसणार. ते नाव आम्ही खोडले.

तक्त्यावरून इतके ठरले. पण सौभाग्यवतींनी तो पाहून एकच विचारले, "यात वाढणारा माणूस कसा बोलतो, याचा रकाना कुठे आहे?"

तो रकाना भरण्यासाठी आम्ही दोन्ही ठिकाणी दूरध्वनी केला. काचेच्या दालनातला आवाज प्रथम मधासारखा होता. सप्ताहाच्या दरात तीन जागा हव्यात, असे म्हणताच त्यातला मध कुठे गेला कोण जाणे! साडेसहाला या, आठला टेबल मोकळे करावे लागेल, आणि खिडकीजवळची जागा त्या दरात मिळत नाही, असे एका दमात ऐकविण्यात आले. दुसऱ्या आवाजाने मात्र वेळ विचारली, नाव लिहून घेतले आणि शेवटी पुस्ती जोडली, "काही विशेष आहे का घरात? वाढदिवस वगैरे?" आम्ही म्हणालो, "नाही, आम्ही गाव सोडून चाललो आहोत." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तो आवाज म्हणाला, "मग सावकाश या. घाई करू नका."

दर, कर, अंतर या सगळ्या रकान्यांना त्या एका वाक्याने मागे टाकले. सवलत कोणती घ्यावी, याची कसोटी आम्हांला तिथे सापडली. दारातून आत पाऊल टाकल्यावर जिथे आपण सवलतीत आलो आहोत याची आठवण कोणी करून देत नाही, ती जागा खरी.

त्या रात्री आम्ही तिघे त्या जुन्या उपाहारगृहात बसलो. उंच छत, पांढरे स्वच्छ टेबलक्लॉथ आणि मधोमध मंद दिवा. वाढणारा गृहस्थ पन्नाशीचा होता. त्याने भाजीचे भांडे पुढे आणले, तेव्हा आमच्या सौ.चा हात सवयीने डावाकडे गेला. सात वर्षांची सवय ती! त्याने हसून मान हलविली आणि म्हटले, "आप बैठिए, बहनजी." हात परत मांडीवर आला आणि तिथेच राहिला. पुढचे बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही मुलीला मिठाईतले काय हवे, याच्या चर्चेत मुद्दाम गुंतून राहिलो.

निघताना त्यांनी त्या गृहस्थांना विचारले, "तुमचे जेवण झाले का?" तो गढवालकडचा निघाला. त्याचे जेवण सर्व टेबले उठल्यावर, बारानंतर. आणि घरच्या हातचे वर्षातून एकदा, गावी गेल्यावर. दोघेही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिले. वाढणाऱ्याची भूक वाढणाऱ्यालाच कळते.

कोणतेही शहर आपल्याला राहायला क्वार्टर देते, रेशनकार्ड देते, मुलांना शाळा देते. पण तेवढ्याने ते आपले होत नाही. आपण त्या शहरात खपत असतो. त्या शहरातल्या एखाद्या अनोळखी माणसाने आपल्याला बसवून, न घाई करता वाढले, की कुठे तरी आत एक खुंटी ठोकली जाते आणि मन तिच्यावर टांगता येते. ते वाढणे पुऱ्या दरातले असो की सवलतीतले, खुंटी सारखीच पक्की बसते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे दोन हात असतील, ज्यांनी परमुलखात वर्षानुवर्षे दुसऱ्यांची पाने वाढली आहेत. त्यांच्यासाठी हा तक्ता एकदा मांडून पाहावा, अशी आमची विनंती आहे. रकाने वाटेल तितके काढावेत; शेवटचा मात्र विसरू नये.

आता ट्रंकांना कुलुपे लागली आहेत. विशाखापट्टणमला असा सप्ताह होतो की नाही, याची आम्ही अद्याप चौकशी केलेली नाही आणि करणारही नाही. सौभाग्यवतींनी निकाल देऊन टाकला आहे: नव्या गावी सातव्या वर्षाची वाट पाहायची नाही, पहिल्या पगारालाच जायचे, आणि ट्रंका मागाहून उघडायच्या.